आप्पांसाठी तोलामोलाची जोडी

मिरजेत स्पीकरचा ड्रायव्हर आपली पेटी स्वतः येऊन पाहतो आणि पसंत पडली नाही तर तिच्यात राहत नाही. ड्रायव्हर म्हणजे कागदी पडद्याचा, पाठीला लोहचुंबक असलेला तो गोल, आवाज त्याचा. पण पेटीवाचून त्या आवाजाला अंग येत नाही. म्हणून दोघांचं आधी जमावं लागतं. ड्रायव्हरचं अ‍ॅम्प्लिफायरशी जमावं लागतं, ते वेगळंच. हे सगळं जमेपर्यंत घरात गाणं लागत नाही.

अच्युत नांद्रेकरांच्या घरात चैत्रापासून गाणं लागलं नव्हतं. जुनी जोडी आवाज बसल्यामुळे निवृत्त होऊन गावी गेली होती. मागे राहिले होते आप्पा, म्हणजे अच्युतच्या काकांचा काचेच्या नळ्यांचा अ‍ॅम्प्लिफायर. काका गेल्यावर ते पुतण्याकडे राहायला आले होते. आप्पा तीन वॅटच्या वर बोलत नसत. "ओरडायचं असतं तर मांडववाल्याकडे राहिलो असतो," म्हणत.

आवाज हळू, म्हणून अच्युत आणि त्याची बायको निर्मला यांना रोज संध्याकाळी आप्पांच्या जवळ बसावं लागे. ती भाजी निवडायची, तो चहा प्यायचा. गाण्यावरून काहीतरी बोलणं निघायचं आणि मग भलतीकडेच जायचं. गाणं थांबलं आणि हळूहळू ते बोलणंही थांबलं. भांडण काहीच नव्हतं. "पोळी वाढू?" आणि "बस" एवढ्यावर दिवस निघत होते.

एका सकाळी आप्पा म्हणाले, "अमावास्येपर्यंत बोलायला कुणी मिळालं नाही, तर मी कुपवाडला धाकट्या पुतण्याकडे जातो. गप्प बसून नळ्या थंड पडल्यात."

अच्युतने शाळेतून सुट्टी काढून दोन पेट्या बांधल्या. जाड प्लायवुड, वर सागवानी पापुद्रा, कोपरे असे जुळवलेले की नख शिरू नये. पुस्तकांच्या फळीवर दोन्ही बाजूंना त्या ठेवल्या तेव्हा त्याला वाटलं, आता कोणीही नाही म्हणणार नाही.

पहिला आला तो आठ इंची, एकटाच. त्याने पोहे घेतले, पेट्यांवर नजर टाकली आणि आप्पांकडे वळला.

"आपण बोलता किती?"

"तीन."

"तीन काय?"

"वॅट."

"अहो, मला सकाळी अंथरुणातून उठवायलाच दहा लागतात," तो म्हणाला. "आपण देवमाणूस आहात, पण आपलं जमायचं नाही."

"पोहे तेवढे जमले," तो गेल्यावर आप्पा म्हणाले.

शनिवारी सकाळी स्पीकरच्या दुकानातल्या आवटीबाई स्वतः एक जोडी घेऊन आल्या. लहान अंगाचे, हलक्या पडद्याचे दोघे भाऊ. आप्पांनी नुसता घसा खाकरला, तर दोघेही थरारले.

"ऐकू आलं?" आप्पांनी विचारलं.

"खाकरण्याआधी श्वास घेतलात तोसुद्धा," डावा म्हणाला.

आप्पांच्या नळ्या तांबूस झाल्या. इतक्या दिवसांत झाल्या नव्हत्या.

"म्हणजे इकडे पसंती आहे," आवटीबाई म्हणाल्या. "आता निवास बघू."

डावा पेटीत शिरला, एक ओळ गायला आणि बाहेर आला.

"सुतारकाम छान आहे," तो म्हणाला. "पण आत गेलं की माणूस एकटा पडतो. आपलंच बोलणं भिंतीवर आपटून आपल्याच पाठीत बसतं."

अच्युतला हे लागलं. त्याने उशी उसवून पेटीत कापूस भरला. उजवा आत जाऊन शिंकत बाहेर आला. कापसाशी ओळख व्हायला वेळ लागतो, असं त्याचं म्हणणं पडलं.

"बाहेरून पॉलिश केलंत," आवटीबाई म्हणाल्या, "आत कधी हात फिरवलात का, मास्तर?"

"आत कोण बघतंय, बाई?"

"राहणारा बघतो."

दोघा भावांनी घर पाहायची परवानगी मागितली. स्वयंपाकघरातले डबे त्यांनी नाकारले, पत्रा किणकिणतो म्हणून. मग आतल्या खोलीत निर्मलाच्या लाकडी कपाटाशी ते थांबले. खाली दोन कप्पे होते, शेजारी शेजारी, एका मापाचे. निर्मलाने ते ओढून दाखवले. दोन्हींत घडी घातलेल्या साड्या होत्या.

"इथे," डावा म्हणाला.

"इथे," उजवा म्हणाला.

"इथे माझ्या साड्या आहेत," निर्मला म्हणाली.

"आहेत म्हणूनच, वहिनी. बोललेलं कुणीतरी मुरवून घ्यायला लागतं."

आवटीबाईंनी चष्मा लावला. "कप्पा कुणाच्या ताब्यात?"

"घर माझ्या नावावर आहे," अच्युत म्हणाला.

"घराचं नाही विचारलं. कप्प्याचं."

"माझ्या," निर्मला म्हणाली.

"मग तुमचा होकार लागेल. कप्प्यांच्या दर्शनी फळ्यांना गोल भोकं पडतील. आतली साडी या दोघा भावांना न विचारता काढता यायची नाही."

निर्मला पलंगावर बसली. कपाट तिच्या माहेरचं होतं. डावीकडच्या कप्प्यात आईची इरकल होती, तिचा शालू होता, आणि भाचीच्या बारशाला नेसलेली एक हिरवी साडी होती. लग्नाला एवढी वर्षं झाली, अच्युतने तो कप्पा कधी उघडलेला नव्हता.

"हिला भरीला पाडू नका, बाई," तो म्हणाला. "पेट्या मी पुन्हा बांधतो."

"अमावास्या सोमवारी आहे, अहो."

"मग जातील आप्पा कुपवाडला. काय करणार?"

निर्मला उठून बाहेर आप्पांपाशी गेली. "खरंच जाणार तुम्ही?"

"बोलायला कुणी नसलं की दुसरं घर बघावं लागतं, सूनबाई."

"असं असतं तर मी वैशाखातच माहेरी गेले असते," निर्मला म्हणाली.

अच्युत दारात उभा होता. त्याने ते ऐकलं. आवटीबाईंनी आपली पिशवी उगाचच आवरली.

"मी विचारायला हवं होतं," तो म्हणाला.

"काय?"

"काहीही."

निर्मला आत गेली आणि आवटीबाईंना म्हणाली, "भोकं पाडा. पण करवत यांच्या हातात द्यायची आणि साड्या मी लावायच्या. आणि घरात कार्य असेल त्या दिवशी मला हवी ती साडी मिळाली पाहिजे."

भावांनी आपसांत विचार केला. "कार्याच्या दिवशी त्या बाजूचा गप्प बसेल," उजव्याने सांगितलं. मान्य झालं.

सागवानी पेट्यांमध्ये आता कांदे आणि लसूण राहतात. त्यांची तक्रार नाही. आप्पांना आतल्या खोलीत हलवलं. तीन वॅट तिथे पलंगापर्यंत पोचतात, त्यापुढे नाही, म्हणून अच्युत आणि निर्मला पलंगालगत खाली चटईवर बसतात. बसल्यावर आवाज बरोबर छातीशी येतो.

मार्गशीर्षात निर्मलाच्या भाचीचं सांगलीला लग्न झालं. निर्मलाने भावांना रीतसर विचारून इरकल काढली. अच्युतला शाळेतून सुट्टी मिळाली नाही. त्या दिवशी डावा गप्प बसला आणि उजव्याने एकट्याने जमेल तेवढं गाऊन दाखवलं.

संध्याकाळी निर्मला आली, साडी बदलली, घडी घातली आणि कप्प्यात ठेवली. डाव्याने गाणं मध्येच उचललं. ती चटईवर बसली आणि बोलायला लागली. मुलाकडच्यांनी वरात उशिरा आणली, भटजी घाई करत होते, नवरी मुहूर्तावर हसत सुटली.

"मठ्ठा होता?" अच्युतने विचारलं.

"होता. पण पाणचट."

"आणि जिलबी?"

आप्पांनी आपल्या तीनपैकी एक वॅट तिच्या बोलण्यासाठी सोडला, आणि उरलेल्या दोनमध्ये गाणं चालू राहिलं.