फक्त डावीकडे

"बाबा, पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता तलावाच्या बागेत यायचंय," चिमणीने जेवताना जाहीर केलं. "लग्नाचं बोलायला त्याचे आईवडील येणार आहेत. चहा पीत एकमेकांची तोंडं बघत बसण्यापेक्षा सगळे मिळून तलावाला सायकलवरून एक फेरी मारू, असं त्याचे बाबा म्हणाले. तुमच्याबद्दल ऐकून तर ते उडालेच!"

चष्मेवाल्यांचा घास हातातच राहिला. "माझ्याबद्दल काय ऐकलं त्यांनी?"

"काय म्हणजे? शर्यतीचं! चाळीस किलोमीटर, चांदीचा कप! त्यांच्या घरी त्या रविवारचं सोडून दुसरं बोलणं नाही म्हणे."

समोर बसलेल्या बायकोने पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. ती पाणी पीत नव्हती. हसू दाबत होती.

चष्मेवाल्यांचं बाजारात तीस वर्षांचं चष्म्यांचं दुकान होतं. माणूस भला, नंबर अचूक काढणारा. पण सायकल त्यांना येत नव्हती. सवय मोडली होती, गुडघे दुखत होते, असली कुठलीही सबब नव्हती. अजिबात येत नव्हती. कपाचं म्हणाल तर तो बायकोचा. लग्नाआधी टायपिंगच्या स्पर्धेत तिने तो मिळवला होता आणि त्यावरची पाटी कधीच पडून गेली होती. चिमणी सहा वर्षांची असताना तापाने फणफणली, काही केल्या हसेना, तेव्हा कपाकडे बोट दाखवून तिने विचारलं, "हा कशाचा?" चष्मेवाल्यांच्या तोंडून निघून गेलं, "सायकलच्या शर्यतीचा." पोरगी हसली. ताप दुसऱ्या दिवशी उतरला, पण शर्यत काही उतरली नाही. आधी ती दहा किलोमीटरची होती. चिमणी कॉलेजात जाईपर्यंत चाळीसची झाली.

"सांगून टाका तिला," भांडी आवरताना बायको म्हणाली. "हसेल आणि सोडून देईल."

"ती हसेल गं! पण तिने त्या माणसाला सांगितलंय. तो दंतवैद्य आहे! दिवसभर खोटं पकडायचाच त्याचा धंदा. 'रोज रात्री ब्रश करता का?' असं विचारतो आणि लगेच तोंड उघडायला लावतो. स्वतःच्या मोठ्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलंन त्याने. का, तर नवऱ्या मुलाने उंची दीड इंच जास्त सांगितली होती म्हणून."

"अगं बाई!" बायकोचं हसू पहिल्यांदाच मावळलं. "मग शिका."

"काय?"

"सायकल. दहा दिवस आहेत."

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानाला कुलूप लावून चष्मेवाले बागेच्या दरवाज्याशी पोचले. तिथे भाड्याने सायकली देणाऱ्या मावशी होत्या. अर्ध्या गावाची पोरं त्यांच्या हाताखाली पडून-झडून शिकली होती. मावशींनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"कोणाला शिकवायचंय?"

"मला."

"वय?"

"अठ्ठावन्न."

"उशीर केलात. बसा."

मावशी खुर्चीवरून उठत नसत. बसल्या जागेवरून ओरडत. "पायांकडे काय बघताय? पाय कुठे पळून जात नाहीत! समोर बघा!" चष्मेवाले तीन दिवस पडले. चौथ्या दिवशी कमी पडले. सातव्या दिवशी त्यांनी तलावाला अख्खी फेरी मारली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तलावाभोवतीची वाट एकेरी होती. तलाव डाव्या हाताला, त्यामुळे प्रत्येक वळण डावं. फेरी संपली की मावशींच्या टपरीसमोर डाव्या हाताला एक दगडी बाक होता. त्यावर डावा पाय टेकवायचा की सायकल थांबे. ब्रेक नावाची वस्तू चष्मेवाल्यांनी ऐकली होती, पण तिच्यावर त्यांचा विश्वास नव्हता. शनिवारपर्यंत त्यांनी अशा तीस फेऱ्या मारल्या. तीस फेऱ्या, डावीकडे.

रविवारी सकाळी सात वाजता बागेच्या दरवाज्यात एक फळा होता: 'रविवारी सकाळी पायी फिरणाऱ्यांची गर्दी असते. सायकलस्वारांनी उलट दिशेने जावे.'

चष्मेवाल्यांनी तो दोनदा वाचला. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला. मग ते मावशींच्या कानाशी लागले. "मावशी, उलटं? हे बोलला नाहीत ते!"

"तुम्ही रविवारी सकाळी येणार हे कुठे बोललात? त्यात काय आहे एवढं? वाट तीच, फक्त दुसरीकडून."

तेवढ्यात दंतवैद्य येऊन थडकले. सडसडीत बांधा, अंगाला चिकटलेले कपडे, हातमोजे, डोक्यावर हेल्मेट. सायकल अशी, की एका बोटाने उचलावी. मागून त्यांची बायको आली, हातात चहाचा थर्मास. नमस्कार-चमत्कार झाले. बाईंनी हसून मान हलवली आणि दगडी बाकावर जाऊन बसल्या. चिमणीची आईही त्यांच्या शेजारी टेकली.

"चाळीस किलोमीटर," दंतवैद्य हातमोजे ओढत म्हणाले. "वेळ किती लागला होता?"

"वेळ... घड्याळ नव्हतं."

"शर्यतीत घड्याळ नव्हतं?"

"म्हणजे, माझ्याकडे नव्हतं."

दंतवैद्यांनी त्यांच्या दातांकडे रोखून बघितलं. चष्मेवाल्यांनी तोंड मिटून घेतलं.

"मला थापा खपत नाहीत," दंतवैद्य हसत म्हणाले. ते हसले म्हणून ते जास्तच भयंकर वाटलं. "पण सायकलचं एक बरं असतं. माणूस बसला की दहा मीटरमध्ये कळतं. चला!"

चिमणी आणि होणारा जावई मागच्या सायकलींवर तयारच होते. "बाबा, हळू हां, त्यांना दमवू नका," चिमणी कौतुकाने ओरडली. तिच्या चेहऱ्यावरचा तो आनंद बघून चष्मेवाल्यांना वाटलं, आत्ता इथेच जमीन दुभंगावी आणि आपल्याला सायकलीसकट पोटात घ्यावं. जमीन काही दुभंगली नाही. ते पेडलवर पाय ठेवून निघाले.

रोज ज्या चढावर त्यांना धाप लागायची, तो आज उतार झाला होता. सायकल सुसाट सुटली. तलाव उजव्या हाताला. समोर वळण, उजवं. चष्मेवाल्यांनी हँडल वळवायचा हुकूम हातांना दिला. हातांनी तो ऐकला नाही. तीस फेऱ्यांत त्यांना हे कोणी सांगितलंच नव्हतं. वाट उजवीकडून एका टेकाडाला वळसा घालून पलीकडे निघत होती. चष्मेवाले टेकाडावरूनच गेले.

"अहो! अहो!" फिरायला आलेले लोक बाजूला उड्या मारत होते. कोणाची टोपी उडाली. एका आजोबांनी काठी उगारली, पण तोवर चष्मेवाले टेकाडाच्या माथ्यावर पोचून पलीकडे उतरतही होते. खाली ते पुन्हा वाटेवर आले, तेव्हा डोळे उघडले. जिवंत होते. आणि वळसा घालून आलेले दंतवैद्य चांगले पन्नास पावलं मागे होते.

"हे... हे काय होतं?" मागून आवाज आला.

उत्तर द्यायला सवड कोणाला होती! पुढचं वळण आलं होतं, तेही उजवं. चष्मेवाल्यांनी जन्मात केला नसेल इतक्या वेगाने विचार केला. उजवीकडे जाता येत नाही, पण डावीकडे येतं. मग डावीकडे, पुन्हा डावीकडे, पुन्हा डावीकडे वळलं, की तोंड उजवीकडेच होणार! त्यांनी तसंच केलं. डाव्या हाताच्या मोकळ्या जागेत बायकांचा एक घोळका गोल उभा राहून व्यायाम करत होता. चष्मेवाल्यांनी त्या घोळक्याला घेरा घातला. बायका किंचाळल्या आणि मग हा कोणी कसरतवाला असावा असं समजून टाळ्या वाजवू लागल्या. एवढ्यात दंतवैद्य तिथे पोचले. बघतात तर हा माणूस गोल-गोल फिरतोय.

"माझ्यासाठी थांबलात?" दंतवैद्यांचा चेहरा लाल झाला. "मला कोणी थांबायची गरज नाही! जा, जा पुढे!"

चष्मेवाले गेले, कारण त्यांचं तोंड नेमकं तेव्हाच वाटेकडे झालं होतं. मागून दंतवैद्य दात ओठ खात पेडल मारू लागले. तिसऱ्या वळणावर चष्मेवाल्यांनी फुलांच्या वाफ्याला डावीकडून घेरलं, चौथ्यावर कारंज्याला. दर वेळी दंतवैद्य त्यांना गाठत आणि दर वेळी हा गृहस्थ आपली वाट बघत मजेत गिरक्या घेतोय हे बघून आणखी खवळत. चष्मेवाल्यांच्या शर्टातून पाणी निथळत होतं. मनात एकच विचार होता: बाक. बाक आला की पाय टेकायचा, सुटायचं.

बाक आला, पण उजव्या हाताला. त्यावर दोन बायका बसलेल्या आणि मध्ये थर्मास. चष्मेवाल्यांनी केविलवाण्या नजरेने बाकाकडे बघितलं आणि ते बाकासमोरून तसेच पुढे निघून गेले.

"अहो, कुठे निघालात?" त्यांची बायको उभी राहिली.

"थांबता येत..." एवढंच ऐकू आलं. बाकीचं वाऱ्यावर गेलं.

"आणखी एक फेरी?" दंतवैद्य मागून धापा टाकत ओरडले. "ठीक आहे! आणखी एक!"

दुसऱ्या फेरीत टेकाड पुन्हा आलं, टाळ्या वाजवणाऱ्या बायका पुन्हा आल्या, आणि त्यांनी आता आधीच जागा करून दिली. कारंज्यापाशी दंतवैद्य मागे दिसेनासे झाले. चष्मेवाल्यांना त्याचाही पत्ता नव्हता. बाकाच्या अलीकडे माळ्याने हिरवळीला पाणी सोडून ठेवलं होतं. ते बघताच चष्मेवाल्यांनी सायकल डावीकडे चिखलात घातली. चाक रुतलं, सायकल थांबली आणि ते सावकाश, अगदी निवांतपणे आडवे झाले.

चिमणी सायकल टाकून धावत आली. "बाबा! काय चालवलीत! त्याचे बाबा कारंज्यापाशी उतरून चालत येतायत! आजवर त्यांना कोणी मागे टाकलं नव्हतं हो!" तिने चिखलासकट बापाला मिठी मारली आणि आईला घेऊन टपरीवर पाणी आणायला पळाली.

तिच्या त्या मिठीने चष्मेवाल्यांचं अवसानच गेलं. एका कपापायी ही पोरगी जन्मभर कोणा भलत्याच माणसाचं कौतुक करत राहणार. आणि आज ना उद्या हे उघडं पडलं, तर सासरी मान खाली घालून ती उभी राहणार. नको. आत्ताच काय ते सांगून टाकू. ते उठून बसले. समोर दंतवैद्यांची बायको थर्मास घेऊन उभी होती. दूर वाटेच्या कडेला दंतवैद्य हेल्मेट काढून, डोकं गुडघ्यांत घालून बसले होते.

"ताई," चष्मेवाले म्हणाले, "मला सायकल येत नाही. शर्यत नाही, कप माझा नाही. सगळ्या थापा."

"माहीत आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "बाकावरून सगळं दिसत होतं. एकदाही उजवीकडे वळला नाहीत."

चष्मेवाले घाईने उठू लागले. "मी त्यांनाही आत्ताच सांगतो. पोरीचा यात काडीचाही दोष नाही. मोडायचं तर लग्न मोडू दे, पण मला आता..."

"बसा खाली."

चष्मेवाले बसले.

"तेहतीस वर्षं झाली लग्नाला," बाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "सकाळी चहाला सायकल, जेवायला सायकल, पाहुणे आले की सायकल. कोणाला कुठे गाठलं, किती मिनिटांनी मागे टाकलं. माझी आई आजारी होती, तिच्या उशाशी बसूनसुद्धा सायकल. आता बघा त्यांच्याकडे. पाच मिनिटं झाली. माणूस एक शब्द बोललेला नाही."

दोघांनी तिकडे बघितलं. दंतवैद्य खरंच एक शब्द बोलत नव्हते. बाईंनी थर्मासचं झाकण उघडून चहा ओतला आणि सावकाश एक घोट घेतला. बागेत कुठेतरी पाखरं बोलत होती, आणि ती त्या कान देऊन ऐकत होत्या.

"पण ताई, खोटं ते खोटंच. त्यांना कळलं तर..."

"हे बघा," बाई त्यांच्याकडे वळल्या. "खरं कळलं तर ते लग्न मोडतील की नाही, मला सांगता येणार नाही. पण तुम्ही त्यांना खरं सांगितलंत ना, तर मी मोडीन."

आणि मग उरलेला चहा त्यांच्या हातात देत, अगदी मायेने म्हणाल्या, "पुढच्या रविवारी साडेसहाला या."