साडेतीनशे वॅटचा श्वास

“अगं, कॉम्प्युटरचं होईल सावकाश. आधी ह्यांच्या ऑक्सिजनच्या यंत्राचं बघा,” सासूबाई म्हणाल्या होत्या. सूनबाईनं फोनवर दिसणाऱ्या झोपलेल्या बाळावरची नजर न काढता उत्तर दिलं, “होईल हो आई, टप्प्याटप्प्यानं.”

संगणकासाठी बॅटरीची पेटी घेण्याचा निर्णय यथावकाश झाला. नवऱ्यानं इतका अभ्यास केला, जितका घर घेतानाही केला नव्हता. शेवटी दोघं दुकानात गेली. दुकानदारानं पेटी पुढे सरकवली.

“प्लगची वरची रांग बॅटरीची. वीज गेली तरी चालू. खालच्या रांगेला बॅटरी नाही. विजेचा दाब अचानक वाढला तर यंत्र जळणार नाही, एवढंच.”

वरच्या रांगेत चार जागा. संगणक, पडदा आणि इंटरनेट बिनविरोध निवडून आले. चौथ्या जागेसाठी दोन अर्ज होते: बाळावर लक्ष ठेवणारा कॅमेरा, आणि सासऱ्यांना श्वास पुरवणारं यंत्र.

“त्या यंत्राला साडेतीनशे वॅट लागतात,” दुकानदार म्हणाला. “ह्या पेटीला झेपणार नाही. मोठी घ्या.”

“मोठी टेबलाखाली मावत नाही हो,” नवरा चिंतेत पडला. “बाबांना जरा कमी वॅटमध्ये नाही का भागवता येणार?”

कॅमेरा जिंकला. सूनबाई शेवटी आई होती. सासऱ्यांना खालच्या रांगेत ‘संरक्षित’ म्हणून सामावून घेण्यात आलं. मागच्या खोलीपर्यंत लांबलचक वायर ओढली गेली आणि ‘बाबांनाही बॅकअपवर घेतलं’ असं नातेवाइकांना रीतसर कळवण्यात आलं.

“पण वीज गेली तर?” सासूबाईंनी विचारलं.

“यंत्राला काही होणार नाही, आई. कंपनीची हमी आहे,” नवरा म्हणाला.

“आणि ह्यांना?”

“हमी यंत्राची असते गं.”

एका भर दुपारी वीज गेली. पंखे थांबले, पेटी टींटीं करू लागली. नवरा संगणकावर ऑनलाइन मीटिंगमध्ये होता. “वीज गेली आणि बाकी सगळे गायब, मी एकटाच दिसतोय!” असं म्हणत त्यानं पेटीचा आवाज बंद केला. पेटी गप्प झाली. मागच्या खोलीतून टींटीं मात्र चालूच राहिली.

सूनबाई कॅमेऱ्यात बाळाचं पोट वरखाली होताना पाहत होती. समाधानानं. मग तिच्या लक्षात आलं, मागच्या खोलीत कॅमेरा नाही.

ती धावली. सासऱ्यांचे ओठ निळे पडले होते. सासूबाई ऑक्सिजनच्या राखीव सिलिंडरच्या चावीशी झटत होत्या. चावी हलत नव्हती. सूनबाईनं दोन्ही हातांनी जीव खाऊन ती फिरवली.

बऱ्याच वेळानं सासऱ्यांच्या तोंडून शब्द फुटले. “यंत्र… जळलं नाही ना?”

“छे हो बाबा,” दारातून नवरा म्हणाला. “एकदम सुरक्षित!”

तेव्हापासून कुणी नवी पेटी कौतुकानं दाखवली, की सूनबाई एकच गोष्ट विचारते. तुम्हालाही विचारतेय. वीज गेल्यावर काय काय चालू राहील, हे तुम्हाला तोंडपाठ असेलच. मागच्या खोलीत कोण आहे? त्यांची वायर कुठल्या रांगेत आहे? गोष्ट कुठे पळून जात नाही. आधी उठा, आणि त्यांना बघून या.