लोगो फाटतोय

दुकानाची पाटी मी करतो, असं जेवता जेवता बोलून गेलो आणि हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. बायको इतकी वर्षं घरातल्या मागच्या खोलीत बसून लोकांचे कपडे शिवत होती. आता तिचं स्वतःचं दुकान निघणार होतं, नाव ‘सुबक’. कपाटं आली, नवं मशीन बसलं, राहिली होती फक्त पाटी. ती म्हणाली, जाणकाराकडून करून घेऊ. मी म्हटलं, “अगं, घरात कलाकार असताना?” (ऑफिसातल्या सगळ्या नोटिसांना फुलांची किनार मीच लावतो. साहेब त्यावर कधी काही बोललेले नाहीत, म्हणजे आवडत असणारच.)

‘सुबक’ ही अक्षरं, खाली आडवी सुई, सुईतून निघालेला दोरा. असा लोगो केला आणि फोनवर बायकोला दाखवला. अंगठ्याएवढ्या चित्राकडे बघून ती “बरा आहे” म्हणाली. आमच्याकडे ‘बरा आहे’ हे सुवर्णपदक असतं.

पाटी छापणाऱ्याने तेच चित्र पडद्यावर मोठं केलं आणि चुकचुकला.

“साहेब, हे फाटतंय.”

“मग जाड कापडावर छापा.”

“कापड नाही, लोगो फाटतोय. बारा फुटांवर कडा टिकणार नाहीत. वेक्टर आणा.”

वेक्टर म्हणजे काय, हे विचारायला माझी जीभ रेटेना. “आणतो की” म्हणून घरी आलो.

“काय म्हणाला?” बायकोने विचारलं.

“कडा फाटतायत म्हणाला.”

“एवढंच ना? दुमडून टीप मारून देते. सांगा त्याला.”

मी सांगितलं. (हो, खरंच जाऊन सांगितलं.) त्याने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग लहान मुलाला समजावतात तसं म्हणाला, “तुमचं चित्र बारीक बारीक चौकोनांचं आहे. मोठं केलं की चौकोन मोठे होतात आणि सुईला पायऱ्या पडतात. वेक्टरमध्ये रेघ कुठून निघाली, कुठे वळली, एवढंच नोंदलेलं असतं. मग त्याचं बटण करा नाहीतर भिंत, कड धारदारच. आणि अक्षरं कर्व्ह करून आणा, तुमचा फॉन्ट माझ्याकडे नाही.”

यातलं ‘कर्व्ह’ तेवढं मला कळलं. संध्याकाळभर बसून मी अक्षरं वाकवली. ‘सु’ वर गेला, ‘ब’ खाली आला, ‘क’ कलंडला.

“अहो, हे सुबक कुठलं? याला तर कुबड आलंय,” बायको म्हणाली.

उद्घाटनासाठी आलेल्या सासूबाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि लेकीला हळूच विचारलं, “जावईबापूंना हल्ली चक्कर येते का गं?”

उद्घाटन उद्यावर आलं होतं. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. चपला घातल्या, काढल्या, परत घातल्या. मागच्या खोलीत बायकोच्या मशीनचा वेग वाढला होता, आणि तिच्या बोलण्यापेक्षा मी त्या वेगाला जास्त भितो. तिच्या इतक्या वर्षांच्या कष्टांवर पहिल्याच दिवशी माझं कुबड लटकणार होतं, या विचाराने मला खरोखर वाईट वाटलं.

पुन्हा पाटीवाला. कर्व्ह करणं म्हणजे वाकवणं नव्हे, अक्षराचं रेघांच्या आकृतीत रूपांतर करणं, असं सांगून त्याने एक कळ दाबली आणि अक्षरं झालीसुद्धा. सुई मात्र मीच करणार, असा मी हट्ट धरला. (काहीतरी अब्रू राहायला हवी होती.) जुन्या चित्रावर बिंदू देत देत रेघ ओढली, तर सुई मुंग्या चावल्यासारखी सुजली.

“बिंदू कमी करा, कड गुळगुळीत होईल,” तो म्हणाला.

मी दिसेल तो बिंदू उडवला. मग सुई मोठी केली, आणखी मोठी केली, पडद्यावर नुसतं तिचं टोक उरलं, तरी कड धारदार. माझा ऊर भरून आला.

सकाळी पाटी चढली. रस्त्यापलीकडूनही रेघ न् रेघ स्वच्छ दिसत होती. बायकोचे डोळे पाणावले. “छान झालीय हो,” ती म्हणाली, आणि तिची नजर सुईवर अडकली.

“सुईला नेढं कुठंय?” सासूबाईंनी विचारलं.

बिंदू उडवता उडवता मी नेढंच उडवलं होतं. दोरा सुईच्या बुडाला नुसता चिकटून होता, बारा फुटी, आणि कुठेही न फाटता.

तेवढ्यात एक बाई कापड घेऊन दुकानात शिरल्या. “मी पुढेच चालले होते,” त्या म्हणाल्या, “वाटलं, टाचण्यांचं दुकान आहे. मग आत मशीन दिसलं. पाटी कुणी केली?”

“आमच्या ह्यांनी,” बायको म्हणाली.

बाईंनी मला नीट न्याहाळलं, मग बायकोच्या खांद्यावर हात ठेवला.

“एकच ड्रेस शिवायचा होता,” त्या मऊ आवाजात म्हणाल्या. “पण राहू दे, दोन शिवा.”