मफिनबरीतला सतरावा सोमवार

एका जंगलात, बाळांनो, देवाच्या कृपेने सगळं काही होतं. गोड पाण्याचा झरा होता, जांभळीची राई होती आणि अलीकडे एक प्रवासी कंपनीसुद्धा निघाली होती. ती कोल्होजीरावांची.

त्याच जंगलात चिंचेच्या ढोलीत शेवंताबाई नावाची खार राहायची. व्रतवैकल्यांत तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं. चतुर्थी, प्रदोष, एकादशी, काही म्हणता काही चुकायचं नाही.

तर काय झालं, पौषात तिच्या यजमानांची, बाळकोबांची, शेपटी गळाली. म्हणजे शेपटी होती जागेवर, केस गेले. दाणे टिपून झालेल्या कणसासारखी दिसायला लागली. बाळकोबा पान पांघरून बसू लागले.

शेवंताबाईने माघात सोळा सोमवार धरले. तुम्हाला सांगते, पाचव्या सोमवारी लव आली, अकराव्याला झुपका आला आणि सोळाव्याला अशी शेपटी झाली की वारा आला की बाळकोबाच दोन पावलं मागे जायचे.

आता उरलं होतं उद्यापन. सतराव्या सोमवारी पाच सवाष्णींना चुरमा वाढायचा, तोही सूर्य मावळायच्या आत.

"चुकलं, तर दिलेलं परत जातं बरं," बगळेभटजींनी बजावलं होतं.

आणि नेमकं त्याच आठवड्यात बाळकोबांनी कोल्होजीरावांच्या सहलीत दोन जागा धरल्या.

"अहो, सोमवारी उद्यापन आहे!"

"अगं, एवढी शेपटी आली, ती काय चिंचेलाच दाखवायची? जगाने बघायला नको?"

सहल होती मफिनबरीची. हे साता समुद्रापलीकडचं इंग्रजांचं एक जुनं बाजाराचं गाव. मधोमध दगडी क्रूस, शेजारी घड्याळाचा मनोरा, टेकडीवर पडका किल्ला. कोण्या राजाने आठशे वर्षांपूर्वी शिक्का मारून दिला होता की इथे दर सोमवारी बाजार भरेल. तेव्हापासून तो भरतोय. 'खाण्यासाठी जन्म आपुला! मफिनबरी चाखा!' असं कोल्होजीरावांच्या पत्रकावर छापलं होतं.

शेवंताबाईने कणीक भाजली, तूप-गूळ घातला, चुरम्याचा डबा फडक्यात बांधला आणि हंसाच्या पाठीवर बसली. "महादेवा, तू तिकडेही असशीलच की," ती म्हणाली.

सोमवारी सकाळी सगळे मफिनबरीत उतरले. अहाहा, काय तो बाजार! गाडीच्या चाकाएवढी चीज, 'पाय' म्हणतात ते सफरचंद भरलेले भाजके कानवले, बोरांचे मुरंबे, मोहरीच्या बरण्या. आणि शेवंताबाईला कडकडीत उपास! जगात खाण्यासाठी नावाजलेल्या गावात ती एकटी पाण्याचा घोटही न घेता हिंडत होती.

पण तिला खाण्याची फिकीर नव्हती. तिला हव्या होत्या पाच सवाष्णी.

पहिल्यांदा ती आपल्या जंगलातल्या बायकांकडे गेली. लांडोर यमूताई पायच्या दुकानासमोर मान वेळावून फोटो काढून घेत होती.

"यमूताई, चुरमा घेता का थोडा? उद्यापन आहे हो."

"अगं शेवंते, सात समुद्र ओलांडून आले ती चुरमा खायला? तो काय, जंगलात दर सोमवारी असतोच तुझा. पोटात जागा ठेवायला हवी मला. अजून तीन पाय आणि पाच चिजा चाखायच्यात!"

हरिणी तसंच म्हणाली. सशीण तसंच म्हणाली. कोल्हीणबाईंनी तर डबा बघून नाक मुरडलं.

तेवढ्यात बाळकोबा धावत आले. "अगं, बघ! बघ!" त्यांच्या शेपटीचे चार केस वाऱ्यावर निघाले होते.

शेवंताबाईने डबा उचलला. आता गावातल्याच सवाष्णी गाठायला हव्यात, तिने ठरवलं. प्राण्यांची भाषा सगळीकडे एकच, त्यामुळे ती अडचण नव्हती.

चीजच्या दुकानात एक मेंढीबाई होत्या. त्यांच्या चीजवर निळी-हिरवी बुरशी चढलेली शेवंताबाईला दिसली. बिचारीचा माल खराब झाला, तिला वाटलं. परक्या गावात पहिली ओळख, जरा मदत करावी म्हणून तिने पदर खोचला आणि मेंढीबाई गिऱ्हाइकाशी बोलत होत्या तेवढ्यात नखांनी सगळी बुरशी खरवडून चीज लख्ख करून ठेवली.

मेंढीबाई वळल्या आणि मटकन खाली बसल्या.

"ती बुरशी... माझ्या पणजीपासून जपलेली होती!"

"अगंबाई! पण तुम्ही काळजी करू नका हो. आठ दिवसांत परत येईल. आमच्याकडे तर दोन दिवसांत येते!"

तिथे चुरम्याचा विषय काढण्यात अर्थ नव्हता.

मग तळ्याकाठी तिला मिसेस पॅडल नावाची बदकीण भेटली.

"यजमान कसे आहेत?" शेवंताबाईने आधी विचारून घेतलं.

"मिस्टर पॅडल? तळ्यात आहेत. चोवीस तास तळ्यातच असतात."

म्हणजे सवाष्ण! शेवंताबाईला आनंदाने गिरकी घ्यावीशी वाटली. "मग याल का चुरमा खायला?"

"किती छान! नक्की येईन हं कधीतरी," मिसेस पॅडल गोड हसली आणि निघून गेली. कुंभारीण माशी, शेळी, कोंबडी, सगळ्या तसंच म्हणाल्या. किती छान, नक्की येऊ हं कधीतरी. चार वाजले तरी एकही आली नाही. त्या गावात 'नक्की कधीतरी' म्हणजे 'कधीच नाही', हे त्या भाबडीला कुठलं कळायला!

बाळकोबांचे आता मूठभर केस गेले होते. ते पुन्हा पान शोधू लागले. आणि तिथली पानंही इवलीइवली!

एक मात्र नवल झालं. पाच वाजले, सहा वाजले, सात वाजले, तरी सूर्य मावळेना. आपल्या जंगलात एव्हाना दिवा लावून शुभंकरोती झालं असतं. 'महादेवाने सूर्य धरून ठेवलाय माझ्यासाठी,' शेवंताबाईने हात जोडले. ज्येष्ठात तिकडचा सूर्य रोजच असा रेंगाळतो, हे तिला कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं, तरी तिने ऐकलं नसतं.

डबा घेऊन ती दगडी क्रुसासमोर उभी राहिली. डोळे मिटले. एकशे आठ वेळा जप करायचा आणि पुढचं त्याच्यावर सोडायचं, असं तिने ठरवलं.

दहा झाले असतील, तोच मागे कोणीतरी घसा खाकरला. तिने लक्ष दिलं नाही. पन्नास झाले. कुजबुज वाढली. एकशे आठ झाल्यावर तिने डोळे उघडून मागे पाहिलं.

मागे रांग लागली होती! क्रुसापासून मनोऱ्यापर्यंत, मनोऱ्याला वळसा घालून पार किल्ल्याच्या वाटेपर्यंत.

"कशाची हो रांग?" मागून कोणीतरी विचारलं.

"कल्पना नाही. पण फार छान आहे," शेळी म्हणाली.

"माझी आजी याच रांगेत उभी राहायची," कोंबडी डोळे पुसत म्हणाली.

रांगेत पहिली उभी होती मिसेस पॅडल!

शेवंताबाईने मुळीच वेळ दवडला नाही. चोचीच्या वर हळदकुंकू, ओंजळीत चुरमा. एक झाली. दोन झाल्या. तीन. चार. आणि पाचव्या कोण? चीजवाल्या मेंढीबाई! त्या फुरंगटलेल्याच होत्या, पण रांग सोडवत नव्हती. त्यांनी चुरमा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "बुरशी नाही तरी बरा लागतोय."

बाळकोबांचे केस गळायचे थांबले. वारा पडला म्हणून थांबले, असं यमूताई अजूनही म्हणते. म्हणेना का बापडी.

रांग पाहून आपली मंडळीही धावत येऊन शेवटी उभी राहिली होती. यमूताईचा नंबर आला तेव्हा डब्यात चिमूटभर उरलं होतं.

"अय्या, शेवंते, तू? आणि हा... अगं बाई, काय चव आहे! इथल्या पाण्याचा गुण हो! आपल्याकडे नाही असा होत."

गावचे नगराध्यक्ष, एक जाडजूड बोका, रुमालाने मिशा पुसत पुढे आले. "मफिनबरीचा हा प्राचीन पदार्थ आजही तितकाच रुचकर आहे!" त्यांनी जाहीर केलं. टाळ्या झाल्या. मग सूर्य मावळला.

पुढच्या वर्षी त्या क्रुसाखाली दगडी पाटी बसली. 'मफिनबरीचा ऐतिहासिक चुरमा. आठशे वर्षांची परंपरा.' कोल्होजीरावांनी नवं पत्रक छापलं. 'अस्सल इंग्लिश चुरमा! मोजक्याच जागा!' हंस कमी पडले, बगळे जुंपावे लागले. बगळेभटजीसुद्धा गेले.

इकडे शेवंताबाई सोमवारी प्रसाद करून दारात वाट बघत बसायची. कोणी येत नसे. यमूताई समोरून गेली तर म्हणायची, "नको गं, मफिनबरीचा खाल्ल्यापासून दुसरा घशाखाली उतरत नाही."

शेवंताबाईला राग आला नाही. तो तिच्या स्वभावातच नव्हता. तिने फक्त थोडा विचार केला.

पुढच्या सोमवारी तिने चुरम्याचा डबा हातात घेतला, ढोलीबाहेर आली आणि स्वतःच्याच दाराकडे तोंड करून, डोळे मिटून, उभी राहिली.

दहा जप झाले असतील, तोच मागे पिसं सळसळली.

"कशाची गं रांग?" यमूताईने हळूच विचारलं, आणि मागे बघून ओरडली, "ए हरिणी, मध्ये घुसू नकोस! मी आधी आलेय!"

तात्पर्य : देवाला भाव पुरतो, बाळांनो. बाकीच्यांसाठी दाराकडे तोंड करून उभं राहावं लागतं.