खालच्या कुरणाचं वाळवण

जून महिन्यात विनायककाकांना फोन करून कुणी 'कसे आहात' असं विचारू नये. "बासष्ट टक्के," असं उत्तर येतं. ही त्या क्षणाची हवेतली आर्द्रता असते. तब्येतीबद्दल ते जुलैत बोलतात.

काका माझ्या बाबांचे इंजिनिअरिंगचे मित्र. शिकायला म्हणून जर्मनीत एर्लांगेनला आले, इथल्याच कंपनीत चिकटले आणि जवळच्या खेड्यातल्या शेतकऱ्याच्या मुलीशी, हिल्डाकाकूंशी, लग्न करून मोकळे झाले. पुढे काकूंच्या वडिलांचं ओढ्याकाठचं कुरण त्या दोघांकडे आलं आणि ट्रान्सफॉर्मर कोळून प्यायलेला हा माणूस गवत वाळवायला लागला.

सुरुवात काही धड झाली नव्हती. पहिल्याच वर्षी कापलेलं गवत पसरलेलं असताना सर आली. सांगलीच्या गच्चीवर कुरडया-पापड राखण्यात लहानपण गेलेले काका "वाळवण झाका" असं ओरडत घरात धावले आणि चार चादरी घेऊन आले. कुरण चांगलं पाच एकर. काकू हसून हसून ओल्या गवतातच बसल्या म्हणे. गावात ही गोष्ट अजून सांगतात, आणि काका हजर असले तर तेच सांगतात.

शेजारचा गेऑर्ग मे महिन्यातच गवत कापतो, ओलसर असतानाच प्लॅस्टिकमध्ये गुंडाळतो, आंबवतो आणि गाईंना घालतो. त्याला सायलेज म्हणतात. काका त्याला लोणचं म्हणतात. लोणचं कुणीही घालेल, वाळवणाला अक्कल लागते, हे ते गेऑर्गला त्याच्या तोंडावर ऐकवतात. गेऑर्ग 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणतो आणि लोणचं घालत राहतो.

काकांना मात्र मे महिन्यात विळासुद्धा लावता येत नाही. कुरण निसर्गरक्षणाच्या योजनेत आहे. पाच वर्षांचा करार, आणि पंधरा जूनच्या आधी कापणी बंद, कारण गवतात पक्ष्यांची घरटी असतात. नियम म्हटला की काकांची कळी खुलते. एकदा त्यांनी आम्टला, म्हणजे सरकारी कचेरीला, रीतसर पत्र लिहून विचारलं, की चौदा तारखेला ट्रॅक्टरला कापणीयंत्र नुसतं जोडून ठेवलं तर चालेल का. तिथल्या बाईंनी सहीशिक्क्यानिशी कळवलं, की चालेल, फक्त ते फिरता कामा नये. ते पत्र फ्रेम करून बैठकीच्या खोलीत लावलेलं आहे. शेजारी पदवीदानाचा फोटो आहे, पण त्याची फ्रेम साधी आहे.

मी एर्लांगेनला येऊन तीनेक वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. कराराचं शेवटचं वर्ष होतं आणि पुढच्या पाच वर्षांचा कोरा फॉर्म काकांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडला होता. त्यांची मुलगी आन्या हॅम्बुर्गला असते. तिला मराठी कळतं, बोलते जर्मन. तिने मला फोन केला. पापा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, मागच्या वर्षी ट्रेलरवरून पडले, आता बास. तुझं ऐकतात, सही करू देऊ नकोस. मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं.

मी पोचले तो गठ्ठे बांधायचा दिवस होता. पंधराला कापलेलं गवत तीन दिवस उलटंपालटं करून झालं होतं. गेऑर्ग त्याचं गठ्ठे बांधायचं यंत्र घेऊन उभा होता आणि पश्चिमेला आभाळ काळं होत चाललं होतं. ओलसर बांधलं तर गठ्ठा आतून तापतो आणि कुजतो. थांबावं तर पाऊस सगळं भिजवणार, आणि काकांचं गवत विकत घेणारे घोडेवाले भिजलेलं घेत नाहीत. काकांच्या मोबाईलवर चार आणि टॅबवर एक अशी पाच हवामान-ॲप्स पावसाच्या पाच वेगवेगळ्या वेळा सांगत होती.

काकांनी मूठभर गवत उचलून कागदी पिशवीत भरलं, "आल्झो, चला, आलोच," म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले. गेऑर्ग ट्रॅक्टरवर चढून बसला. मला वाटलं, म्हातारा बिथरला. आन्याचा निरोप सांगायला बरी संधी आहे, म्हणून मीही बसले.

गाडी शेजारच्या गावातल्या वृद्धाश्रमापाशी थांबली. काकू दोन वर्षांपासून तिथे आहेत आणि आता कुणाला ओळखत नाहीत, हे मला ऐकून माहीत होतं. खिडकीजवळ बसल्या होत्या. त्यांनी परक्या माणसाला विचारावं तसं काकांना आदराने विचारलं, "तुम्ही कुणाकडचे?"

"खालच्या कुरणावरचा," काका म्हणाले आणि पिशवी त्यांच्या मांडीवर रिकामी केली.

काकूंच्या स्वेटरची बटणं चुकीची लागली होती. पण बोटांनी गवताची काडी बरोबर उचलली, पिळली, नखाने सोलली, कानाशी नेऊन मोडली. मग त्या रागावल्या. "अजून तासभर. खालची पेरं ओली आहेत. तुम्हा लोकांना धीर म्हणून नाही." काका वर्गात उभं केल्यासारखे मान डोलावत होते. निघताना त्यांनी काकूंच्या मांडीवरच्या काड्या एकेक करून वेचल्या.

परतताना मी म्हटलं, "काका, तो फॉर्म..."

"आन्याने सांगितलंय ना? तिचं बरोबर आहे." "अगं, मी फोटो दाखवले, गाणी लावली, मी कोण ते रोज सांगितलं. ती नुसती बघते. गवत नेलं की बोलते. कुरण सोडलं, तर मी तिच्याकडे काय घेऊन जाऊ?"

रडू आलं, ते मी खिडकीकडे तोंड करून आवरलं.

कुरणावर गेऑर्ग ट्रॅक्टरवर बसून होता. मला वाटलं, आता हा भडकणार. त्याने एवढंच विचारलं, "हिल्डा काय म्हणाली?"

"एक तास."

गेऑर्गने इंजिन बंद केलं.

शेवटचा गठ्ठा शेडखाली गेला आणि थेंब पडायला लागले. घरी आल्यावर मी काकांचा चष्मा शोधून दिला आणि सही कुठे करायची ते बोट ठेवून दाखवलं. आन्याशी मी बोलेन, म्हटलं.