एक काना कमी

"जगात दोन गोष्टी कवाच चुकत न्हाईत. कुत्र्याचं नाक आन् माजा कान," असं नाथाजी सुभेदार रोज सकाळी दूध डेअरीच्या पायरीवर बसून सांगायचे.

नाकाचं म्हणणं खरं होतं. उभी नोकरी त्यांनी फौजेच्या श्वानपथकात काढली होती. कानाचं मात्र तसं नव्हतं. डावा कान एका स्फोटानंतर कायमच्या रजेवर गेला होता आणि उजवा मनाला येईल तेवढंच ऐकायचा. पण सुभेदारांना हे सांगणार कोण? सांगायची हिंमत साताऱ्याकडच्या औंधाजवळच्या त्या वाडीत एकट्या चंद्राबाईंना होती, आणि बायकोचं बोलणं तर त्यांना दोन्ही कानांनी ऐकू येत नसे.

फेब्रुवारी सरत आला असताना इलियास मुल्लांचा फोन आला. हे सांगलीकडच्या श्वान क्लबचे सेक्रेटरी.

"सुभेदारसाब, कामाच्या कुत्र्यांची स्पर्धा घेतोय. पोलिसांची कुत्री येत्यात, फौजेतली मानसं येत्यात. जज म्हनून तुमीच पायजे."

"ठिकान?"

"कुपवाड."

आता कुपवाड म्हणजे सांगलीशेजारची कारखान्यांची वसाहत. वाडीहून मोटारीनं अडीच तास. पण सुभेदारांच्या उजव्या कानानं त्या शब्दाला पदरचा एक काना जोडला आणि कुपवाडा ऐकलं. काश्मीरमधलं, बर्फातलं. मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात, सुभेदारांच्या ते कानी आलं.

"गाडी दारात पाठवतो. दोन दिसांचे कपडे घ्या," इलियास म्हणाले. जास्तीचं काही न विचारता सुभेदारांनी 'येतो' म्हणून फोन ठेवून दिला.

कारण कुपवाड्याला रेवा होती. मळक्या सायीच्या रंगाची लॅब्रॉडॉर. चार वर्षं दोघं एका ताटातलं खावं तशी राहिली. आई आजारी पडल्याचं कळलं तेव्हा रजेवर निघताना त्यांनी तिला पत्र्याच्या खोलीपुढं बसवलं आणि फौजेच्या हिंदीत हुकूम दिला, "रुक." ती पुढच्या पायांवर हनुवटी टेकून पडून राहिली. गाडी वळली तरी हलली नाही. रजेतच सुभेदारांची बदली झाली, परत जाणं राहिलं, आणि त्या हिवाळ्यात रेवा आजारानं गेली. अक्रोडाच्या झाडाखाली पुरली, असं पथकातल्या जोडीदारानं फोनवर सांगितलं. 'रुक' म्हटलं ते म्हटलंच, 'चल' म्हणायचं राहून गेलं. एकदा त्या झाडाखाली उभं राहून तेवढं म्हणायचं, एवढी एकच इच्छा त्या माणसाच्या पोटात इतकी वर्षं कुढत होती.

संध्याकाळपर्यंत बातमी वाडीभर झाली. सुभेदार काश्मीरला निघाले! हरणाबाईंनी नातवाच्या बारशाच्या खिरीसाठी केशर सांगितलं, लालासाहेबांनी अक्रोड. चंद्राबाईंनी शेंगदाण्याचे लाडू वळले, ट्रंकेतून जाड स्वेटर काढला आणि लाडू त्याच्याच खिशांत भरले.

"आवं, नीट इचारलं का कुटं जायाचं त्ये?"

"अगं, माजा कान हाय त्यो," सुभेदार म्हणाले.

गाडी विट्याच्या रस्त्याला लागली. मिरजेहून रेल्वे धरायची असेल, सुभेदारांनी मनाशी हिशोब लावला. माकडटोपी कानावर ओढून, लोकरी मोज्यांत घामाघूम होत ते अक्रोडाच्या झाडाचा विचार करत बसले. मग तासगाव गेलं, पत्र्याच्या शेडा दिसू लागल्या आणि गाडी एका मैदानाशी थांबली.

"साहेब, आलं कुपवाड," ड्रायव्हर म्हणाला.

सुभेदारांनी काच खाली केली. चारी बाजूंनी कारखाने, फाटकांपुढं दुचाकींच्या रांगा. बर्फ म्हणाल तर तो फक्त उसाच्या रसाच्या गाड्यावर. एका क्षणात त्यांना सगळं कळलं. त्यांनी माकडटोपी काढून मांडीवर ठेवली. इलियास हार घेऊन धावत आले आणि स्वेटर बघून थबकले.

"साब, ताप हाय काय?"

"न्हाई. यंदा थंडी जरा कमी हाय," सुभेदार म्हणाले. चूक कबूल करायची सवय नोकरीत लागली नव्हती, ती आता कुठून लागणार?

स्पर्धा झकास चालली होती. हुंगून वस्तू शोधणं झालं, चोर धरणं झालं. गुण देण्यात सुभेदारांचा हात धरणारं कोणी नव्हतं. मग आली थांबण्याची परीक्षा. सहा कुत्री ओळीनं झोपवायची, मालकांनी शेडमागं दिसेनासं व्हायचं आणि मालक येईपर्यंत कुत्र्यानं जागचं हलायचं नाही. मैदानात कोणी चकार शब्द काढायचा नाही. बोलला तो बाद, असं सुभेदारांनीच माइकवरून दरडावून सांगितलं.

मालक गेले. ओळीच्या शेवटी होती कॉलेजातल्या समीक्षा नावाच्या पोरीची साखर. लॅब्रॉडॉर. मळक्या सायीच्या रंगाची. तिनं पुढच्या पायांवर हनुवटी टेकली आणि समीक्षा ज्या कोपऱ्याआड गेली तिथं डोळे लावले.

सुभेदारांना पुढचं मैदान दिसेनासं झालं. पत्र्याची खोली दिसली, वळणारी गाडी दिसली. आपण काय करतोय हे कळायच्या आत ते ओठांतल्या ओठांत पुटपुटले, "चल बेटा, चल."

आता एक कान गेलेल्या माणसाचं पुटपुटणं ते! मैदानाच्या दुसऱ्या टोकाला चहा ओतणाऱ्याची किटली थांबली. पाच कुत्री एकदम उठली. आधी हुकूम ऐकला होता, मग वाऱ्यावर शेंगदाण्याच्या लाडवांचा वास आला, आणि पाचही जण तोफगोळ्यांसारखे सुभेदारांवर येऊन आदळले. स्वेटरची एक बाही पोलिसांच्या कुत्र्यानं नेली, खिसा डॉबरमननं. मालक शेडमागून धावले, इलियास शिट्टी फुंकत धावले, आणि लाडू संपल्यावरच सुभेदार मातीतून वर दिसले.

"साब, आता गुण कुनाचे कापायचे?" इलियासनी धापा टाकत विचारलं.

"माजे. बोलला त्यो बाद."

पण सुभेदारांचं लक्ष ओळीच्या टोकाला होतं. साखर हलली नव्हती. जिला हाक मारली तीच तेवढी जागेवर पडून होती, नजर त्याच कोपऱ्यावर. समीक्षा आली, "चल" म्हणाली, तेव्हा कुठं उठली. पहिला नंबर तिचाच लागला.

"माजी बी दुसऱ्याच्या हाकंला उठली नसती," सुभेदार म्हणाले. इलियासना काही कळलं नाही, पण त्यांनी खांद्यावर हात ठेवला.

बाद झालेल्या जजला दुसऱ्या दिवसाचं काम नव्हतं. इलियासनी हळदीची पुडी आणि बेदाण्यांचा पुडा देऊन त्याच गाडीनं परत पाठवलं. सकाळी काश्मीरला गेलेला माणूस दिवेलागणीला दारात! हरणाबाईंनी हळद हातावर घेतली. "रंग त्योच हाय म्हना," त्या म्हणाल्या आणि खाली मान घालून गेल्या. लालासाहेबांनी अक्रोडाऐवजी बेदाणे मुकाट खाल्ले. चंद्राबाईंनी एका बाहीचा स्वेटर वरपासून खालपर्यंत बघितला आणि भांडी घासायला आत गेल्या. ते सुभेदारांना जास्तच लागलं.

ते अंगणात बसले. आत भांडी वाजत होती. आता काही जाणं होत नाही, इथूनच म्हणून टाकावं, असं मनात आलं. उत्तरेकडं तोंड करून ते अगदी हळू म्हणाले, "चल."

हळू म्हणजे पुन्हा सुभेदारांचंच हळू. भांडी वाजायची थांबली. चंद्राबाई पदराला हात पुसत दारात आल्या.

"कुटं जायाचं?"

सुभेदार बघतच राहिले. दर रजा संपताना याच दारात त्यांनी हिलाही थांब म्हटलं होतं आणि हीही थांबली होती. एवढ्या वर्षांत 'चल' हिलासुद्धा म्हणायचं राहूनच गेलं होतं. आणि ही अजून, एका शब्दावर, हात पुसून तयार होती.

"कुपवाड्याला," ते म्हणाले.

"कंच्या?"

"खऱ्या. बरफातल्या. रेवाकडं."

चंद्राबाई पायरी उतरून त्यांच्याजवळ आल्या. त्यांच्या स्वेटरची उरलेली बाही झटकत म्हणाल्या, "येते की. पर तिकिटाचा फोन मी करनार."