सदतीस नंबरचं मूळ

जावईबापूंना दोनच गोष्टींचा अभिमान होता: आपल्या मिशीचा आणि आपल्या नोंदवहीचा. लसूणघासाच्या मुळांवर तीन वर्षं घालवलेला हा माणूस शनिवारी कृषी संशोधन केंद्राच्या संचालकबाईंना छातीठोकपणे म्हणाला, "माझ्या वहीत एक चूक काढून दाखवा, मिशी उतरवतो."

"मिशी राहू द्या," बाई म्हणाल्या. "सोमवारी अकराला मुळं दाखवा. नाहीतर तुमचं प्रयोगाचं शेत कांदा विभागाला गेलं म्हणून समजा."

काम तसं सरळ होतं. जनावरांच्या या चाऱ्याचे बारा वाण, प्रत्येकाची पाच रोपं, शेतात मुद्दाम सरमिसळ करून लावलेली. एका वाणाचं मूळ नाकासमोर खाली जातं, दुसऱ्याचं आल्यागेल्या पाहुण्यासारखं चहूकडे पाय पसरतं. हे वळण मातीचं नव्हे, घराण्याचं, हे सिद्ध करायचं होतं. नेमका प्रयोगशाळेतला वाळवायचा ओव्हन बंद पडला. जावईबापूंनी धुतलेली साठ मुळं घरी आणली आणि गॅलरीतल्या दोरीवर टांगली. ओल्या मुळावर कागदी चिठ्ठी टिकत नाही, म्हणून नंबर लिहिले चिमट्यांवर. या युक्तीवर ते इतके खूश झाले की रविवारी जेवून आडवे झाले ते थेट चारला उठले.

दोरीवर चादरी वाळत होत्या. नंबरांचे चिमटे चादरींना होते.

"मुळं कुठायत?" त्यांचा आवाज चिरकला.

"ती काय, टेबलावर," सासूबाई म्हणाल्या. "वाळली होती की. मला चिमटे हवे होते."

"अहो, कुठलं मूळ कुठल्या वाणाचं, ते आता कळणार कसं?"

"त्यात कळायचंय काय? एकेका घरातली एकत्र बांधून ठेवलीत."

टेबलावर लोकरीने बांधलेल्या बारा जुड्या होत्या. सासूबाई म्हणजे नात्यांचं चालतंबोलतं दप्तर. बारशाला पाळण्यात डोकावून "नाक आत्याचं, हट्ट आजोबांचा" असं सांगणारी बाई! पण शास्त्र म्हणजे बारसं नव्हे. जावईबापू मटकन खाली बसले. तीन वर्षं पाण्यात गेली होती आणि त्यांना खरोखर रडू येत होतं.

"फोटो चालेल?" बायकोने दारातून विचारलं.

"कसला फोटो?"

"सकाळी ताईला पाठवला होता. 'बघ, ह्यांनी माझ्या गॅलरीचं काय केलंय' म्हणून."

फोटोत साठच्या साठ चिमटे होते, नंबर ठसठशीत, खाली मुळाचा प्रत्येक फाटा स्पष्ट. जावईबापूंनी बायकोला साष्टांग नमस्कार घालायचाच बाकी ठेवला. मग वही उघडून एकेक जुडी ताडून पाहू लागले. पहिली बरोबर. दुसरी बरोबर. दहाव्या जुडीपर्यंत त्यांना घाम फुटला. साठांपैकी अठ्ठावन्न मुळं सासूबाईंनी नुसत्या नजरेने आपापल्या घरी पोचवली होती.

"दोन चुकली बरं का," जावईबापू जरा हायसं वाटून म्हणाले. "सदतीस आणि अडतीस. अदलाबदल झालीय."

सासूबाईंनी चष्मा लावून वहीत पाहिलं. "माझी नाही झाली. हा सदतीस त्या घरचा नव्हेच. त्यांच्यात कुणाला एवढे फाटे आहेत?"

"अहो, वहीत लिहिलंय."

"वही कुणी लिहिली?"

जावईबापूंनी पेरणीच्या वेळची बियांची पाकिटं काढली. सदतीसचं पाकीट पाहिलं. अडतीसचं पाहिलं. दोन्हींवरची नावं वहीच्या बरोबर उलट होती. त्यांचा हात आपोआप मिशीकडे गेला.

सोमवारी त्यांनी सगळं खरं सांगून टाकलं. संचालकबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "घराण्याचं वळण नुसत्या डोळ्यांना दिसतं, याहून मोठा पुरावा कुठला? शेत तुमचंच," त्या म्हणाल्या. मग हळूच कात्री पुढे सरकवली.

संध्याकाळी जावईबापू तोंडावर रुमाल धरून घरात शिरले. सासूबाईंनी रुमाल बाजूला केला, चष्मा लावला आणि तो उघडा ओठ मुळासारखा उजेडात वळवून नीट न्याहाळला.

"वाटलंच होतं मला लग्नात," त्या म्हणाल्या. "थेट तुमच्या आत्याबाई!"